आभासी प्रयोग : काय दाखवावें आणि काय झांकावें ?

संध्याकाळीं बटण दाबलें कीं खोलींतला दिवा लागतो. ही गोष्ट इतकी नित्याची झाली आहे कीं तिच्याविषयीं मोठीं माणसें विचारच करीत नाहींत. परंतु घरांतलें एकादें चौकस मूल कधीं तरी विचारतें, "बटण दाबलें तेव्हां तारेंतून काय धांवत आलें ?" आणि मग सुशिक्षित आईबापांचीही तारांबळ उडते. "वीज" एवढें उत्तर देऊन वेळ मारून नेतां येते, पण मुलाचें समाधान होत नाहीं. तार चिरून पाहिली तर आंत तांबेंच सांपडतें. त्यांत कांहीं वाहतांना दिसत नाहीं, आवाज येत नाहीं, वास येत नाहीं. जें डोळ्यांना दिसत नाहीं तें मुलाच्या मनापुढें कसें उभें करावें, हा शास्त्र-शिक्षकाचा फार जुना प्रश्न आहे.

पूर्वीं शिक्षकाजवळ फळा आणि खडू एवढींच साधनें होतीं. तो बॅटरी काढी, दिवा काढी, दोहोंना रेघांनीं जोडी आणि रेघेवर एक बाण काढी. बाण हलत नसे. तो हलतो अशी कल्पना विद्यार्थ्यानें करावयाची. आतां संगणकाच्या आणि टेलिफोनच्याही पडद्यावर तो बाण हलवितां येतो. पडद्यावरच तारा जोडाव्या, दिवा लावावा, बॅटरीचा जोर वाढवावा आणि काय होतें तें पाहावें, अशी सोय झाली आहे. ह्या साधनाला सिम्युलेशन म्हणतात. मराठींत त्याला आभासी प्रयोग म्हणतां येईल. चलच्चित्रांत प्रेक्षक नुसता पाहत बसतो. येथें मात्र तो कांहीं करतो आणि पडदा त्याला उत्तर देतो. हाच दोहोंतील महत्त्वाचा भेद होय.

परंतु फळ्यावरचा बाण हलूं लागला म्हणून शिक्षकाचा प्रश्न सुटला असें मात्र नाहीं. उलट तो अधिक बिकट झाला. फळ्यावर फार थोडें काढतां येत असे, म्हणून काय वगळावें ह्याची चिंता कमी होती. पडद्यावर वाटेल तें दाखवितां येतें, आणि म्हणूनच प्रत्येक गोष्टीविषयीं ठरवावें लागतें : ही दाखवावी कीं झांकावी ? दाखवावयाची तर प्रथमच, कीं मागाहून ? आगगाडीच्या नकाशांत स्टेशनें असतात, डोंगर नसतात. त्यामुळें तो नकाशा खोटा ठरत नाहीं. पण तोच नकाशा खिशांत घालून कोणी सह्याद्रीचा कडा चढावयास निघाला तर त्याची फसगत ठरलेली. शास्त्राच्या चित्राचेंही असेंच आहे. त्यांत काय नाहीं हें पाहणाराला ठाऊक असेल तरच तें चित्र त्याच्या उपयोगीं पडतें.

ह्या प्रश्नाचा पद्धतशीर विचार ज्या ठिकाणीं झाला त्यांत अमेरिकेंतील कोलोरॅडो विद्यापीठाचें नांव प्रथम घ्यावें लागेल. कार्ल वाइमन ह्या पदार्थविज्ञान-शास्त्रज्ञाला अतिशीत अणूंच्या एका नव्या अवस्थेवरील संशोधनाबद्दल २००१ सालीं आणखी दोन शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळालें. मोठा मान मिळाल्यावर शास्त्रज्ञ बहुधा आपल्या प्रयोगशाळेंत अधिक रमतो. वाइमन ह्यांनीं मात्र वर्गांतल्या विद्यार्थ्याकडे मोर्चा वळविला आणि २००२ सालीं 'फेट' नांवाचा उपक्रम सुरू केला. हीं सिम्युलेशनें विनामूल्य मिळतात; त्यांची संख्या आज दीडशेंहून अधिक आहे आणि त्यांतील पुष्कळांचीं मराठी भाषांतरेंही उपलब्ध आहेत. तेव्हां हा विषय केवळ परदेशचा राहिलेला नाहीं. मराठी शाळेंतल्या मुलापुढें जो पडदा येतो त्यावर काय दिसावें, हें आधीं कोणी तरी विचारपूर्वक ठरविलेलें असतें.

ह्या संग्रहांत विजेचीं मंडलें जुळविण्याचें एक सिम्युलेशन आहे. पडद्याच्या बाजूला तारा, बॅटऱ्या, दिवे, बटणें मांडलेलीं असतात. विद्यार्थ्यानें तीं ओढून आणावीं आणि जोडावीं. मंडल पूर्ण झालें कीं दिवा लागतो. आणि त्याच क्षणीं तारेंतून निळे ठिपके सरकूं लागतात. हे ठिपके म्हणजे इलेक्ट्रॉन. खऱ्या प्रयोगशाळेंत जें कोणालाही, कधींही, कोणत्याही भिंगांतून असें दिसणार नाहीं, तें येथें उघड दिसतें. प्रश्न असा कीं, जें दिसत नाहीं तें दाखविणें प्रामाणिकपणाचें आहे काय ?

त्याचें उत्तर विद्यार्थ्यांच्या एका चुकीच्या समजुतींत सांपडतें. बॅटरींतून प्रवाह निघतो, दिव्यांत त्यांतला कांहीं भाग खर्च होतो आणि उरलेला परत येतो, अशी पुष्कळांची समजूत असते. अनेक देशांतील शिक्षण-संशोधकांना ती पुनः पुनः आढळली आहे. आणि ती लहान मुलांतच नव्हे, तर विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांतही आढळते. ही समजूत मूर्खपणाची नाहीं. बॅटरी कालांतरानें संपते, विजेचें बिल येतें, त्याअर्थी कांहीं तरी खर्च होत असलेंच पाहिजे, हा तर्क सरळ आहे. चूक एवढीच कीं, खर्च होते ती ऊर्जा. प्रवाह खर्च होत नाहीं. दिव्याच्या अलीकडच्या तारेंत जितका प्रवाह, तितकाच पलीकडच्या तारेंत.

हें वाक्य विद्यार्थी पाठ करतो, परीक्षेंत लिहितो आणि तरीही आंतून मानीत नाहीं. एकाच मंडलांत एकापुढें एक असे दोन सारखे दिवे जोडले तर पहिला अधिक प्रकाश देईल कीं दुसरा, असें त्याला विचारावें. "पहिला", असें तो सांगतो. पडद्यावर मात्र तो दिव्याच्या अलीकडचे ठिपके पाहतो आणि पलीकडचेही पाहतो. ते सारख्याच दाटीनें आणि सारख्याच वेगानें चाललेले असतात. एकही ठिपका दिव्यांत नाहींसा होत नाहीं. दोन्ही दिवे सारखेच मंद जळतात. जी गोष्ट शंभरदां सांगून पटत नाहीं ती येथें दोन मिनिटांत डोळ्यांसमोर येते. म्हणून इलेक्ट्रॉन दाखवावेत असें ठरलें. जें चित्र विद्यार्थ्याच्या मनांतल्या चुकीच्या चित्राशीं नेमकें झगडेल तें पडद्यावर असावें, ही निवडीची पहिली कसोटी होय.

आपल्याकडच्या जुन्या विहिरींवर रहाटगाडगें असे. ज्यांनीं तें पाहिलें आहे त्यांना ही गोष्ट लवकर पटेल. माळेंत जितकीं गाडगीं वर येत तितकींच खालीं जात. गाडगें एकही खर्च होत नसे. खर्च होई ती बैलांची मेहनत. शिवाय बैलांनीं पाऊल उचललें कीं माळेंतलें प्रत्येक गाडगें त्याच क्षणीं हालूं लागे. बटणाजवळचा इलेक्ट्रॉन धांवत दिव्यापाशीं येईपर्यंत दिवा थांबत नाहीं. तारेंतले सगळे इलेक्ट्रॉन जवळ जवळ एकदम सरकूं लागतात, म्हणून दिवा तत्काळ लागतो. मात्र हें उदाहरणही एका मर्यादेपर्यंतच खरें आहे. गाडग्यांत पाणी भरलेलें असतें, तशी इलेक्ट्रॉनाच्या पाठीवर ऊर्जेची थैली नसते. ऊर्जा तारेभोंवतालच्या विद्युत् आणि चुंबकीय क्षेत्रांतून पोंचते, हें पॉइंटिंग ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८८४ सालींच दाखवून दिलें आहे. तें क्षेत्र ह्या पडद्यावर दाखविलेलें नाहीं. आणि शाळेंतल्या मुलाला तें प्रथमच दाखविलें असतें तर प्रवाह खर्च होत नाहीं ही साधी गोष्टही त्या गर्दींत हरवली असती.

इलेक्ट्रॉन दाखवावयाचे ठरल्यावर पुढचा प्रश्न येतो : किती ? एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा केवळ एक मिलिमीटर लांबीचा तुकडा घेतला तरी त्यांत वाहूं शकणारे इलेक्ट्रॉन ८५ वर अठरा शून्यें इतके भरतात. ते सगळे काढावयाचे तर तार नुसती निळी दिसेल आणि कांहीं हलतें हेंही कळणार नाहीं. म्हणून मोजके ठिपके काढले जातात. येथें संख्येचें सत्य सोडलें आणि हालचालीचें सत्य राखलें.

तिसरा प्रश्न वेगाचा. वरच्या तारेंतून एक अँपियर प्रवाह वाहत असेल तर इलेक्ट्रॉनांची पुढें सरकण्याची सरासरी गति दर सेकंदास मिलिमीटरच्या सुमारें सात शतांश भागाइतकीच असते. एक मीटर तार ओलांडावयास त्यांना पावणेचार तास लागतात. गोगलगायही त्यांच्यापुढें चपळ ठरेल. खरी गति दाखविली असती तर विद्यार्थी तासभर पडद्याकडे पाहत बसला असता आणि 'तारेंत कांहींच वाहत नाहीं' असा निष्कर्ष काढून उठला असता. म्हणून ठिपक्यांना मुद्दाम वेग दिला आहे. मात्र बॅटरीचा जोर वाढविला कीं ठिपके अधिक वेगानें सरकतात आणि दिव्याचा रोध वाढविला कीं मंदावतात. एकूण वेग काल्पनिक आहे, पण वेगावेगांतील प्रमाण खरें आहे. विद्यार्थ्याला जें शिकावयाचें आहे तें त्या प्रमाणांतच असल्यामुळें येथें कल्पनेनें सत्याला बाध येत नाहीं.

चौथी गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. धातूंतले इलेक्ट्रॉन स्वस्थ कधींच नसतात. बॅटरी जोडलेली नसली तरी तांब्यांतले हे इलेक्ट्रॉन दर सेकंदास सुमारें दीड हजार किलोमीटर अशा प्रचंड वेगानें चहूंकडे सैरावैरा धांवत असतात. सगळ्या दिशांनीं सारखेच धांवत असल्यामुळें त्यांची एकंदर प्रगति शून्य असते. बॅटरी जोडली कीं ह्या धांवपळीला एका बाजूचा किंचित् कल मिळतो, आणि तो कल म्हणजेच विद्युत्प्रवाह. ही सैरावैरा धांव पडद्यावर दाखविली असती तर तो कल तिच्यांत बुडून गेला असता. म्हणून ती वगळली. येथें वगळणें म्हणजे लपवणूक नव्हे. बाजारांत एकाचा शब्द ऐकावयाचा तर इतरांचा गलका बाजूला सारावाच लागतो.

पांचवा प्रश्न दिशेचा. बाण बॅटरीच्या धन टोंकाकडून ऋण टोंकाकडे काढावयाचा ही रूढि अठराव्या शतकांतल्या बेंजामिन फ्रँक्लिनच्या धन-ऋण कल्पनेपासून चालत आली. इलेक्ट्रॉनाचा शोध जे. जे. टॉमसन ह्यांनीं १८९७ सालीं लावला, आणि तेव्हां असें दिसलें कीं तारेंत वाहणारे हे कण ऋण असून ते उलट दिशेनें जातात. पाठ्यपुस्तकांतला बाण मात्र पूर्वीचाच राहिला. मुलानें पुस्तकांत एक दिशा पाहावी आणि पडद्यावर दुसरी, तर कोणावर विश्वास ठेवावा ? ह्या सिम्युलेशनमध्यें दोन्ही दाखविण्याची सोय ठेवली आहे. विद्यार्थ्यानें हवें तर ठिपके निवडावेत, हवे तर रूढीचे बाण. मतभेद झांकून ठेवण्यापेक्षां तो हातांत देणें कित्येकदां अधिक हिताचें असतें.

श्रोत्यांपैकीं कोणी येथें विचारतील कीं, घरच्या दिव्याचेंही असेंच असतें काय ? नाहीं. वरचें सगळें वर्णन बॅटरीच्या मंडलाचें आहे. घरांत येणारा प्रवाह सेकंदास पन्नास वेळां मागें-पुढें होतो. त्या तारेंतले इलेक्ट्रॉन पुढें जातच नाहींत. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरांत ते जागच्या जागीं हेलकावे खात राहतात. हीही गोष्ट पहिल्या पडद्यावर नाहीं. त्यासाठीं वेगळें सिम्युलेशन केलें आहे. सगळें सत्य एका चित्रांत मावत नाहीं; म्हणून त्याचे भाग पाडावे लागतात आणि त्या भागांना क्रम लावावा लागतो.

क्रमाचें महत्त्व दुसऱ्या एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. ह्याच संग्रहांत चाकांच्या फळीवर उभें राहून वळणदार मार्गावरून वर-खालीं जाणाऱ्या एका खेळाडूचें सिम्युलेशन आहे. उंचीवर असतांना त्याच्याजवळ स्थितीची ऊर्जा असते. खालीं येतांना तिचें गतीच्या ऊर्जेंत रूपांतर होतें. त्याच्या सोप्या आवृत्तींतल्या पहिल्या पडद्यावर घर्षण मुळींच नाहीं. खेळाडू एका बाजूनें जितका वरून निघाला तितकाच दुसऱ्या बाजूस चढतो, आणि असा तो अखंड झुलत राहतो. हें उघड उघड अवास्तव आहे. घरचा झोंपाळा पाय न मारतां किती वेळ चालतो हें मुलाला पक्कें ठाऊक असतें. पण घर्षण प्रथमच दाखविलें तर ऊर्जा नाहींशी होते असेंच मुलाला वाटेल, आणि उलट घर्षण कधींच दाखविलें नाहीं तर शास्त्र म्हणजे पुस्तकांतली निराळी दुनिया असें वाटेल. म्हणून दुसऱ्या पडद्यावर घर्षण येतें, आणि त्याच्याबरोबर उष्णतेच्या ऊर्जेचा हिशेबही येतो. जी ऊर्जा हरवली असें वाटलें ती कोठें गेली हें तेथें कळतें. गॅलिलिओनेंही प्रथम मनानें घर्षण वजा केलें, तेव्हांच त्याला गतीचें मर्म दिसलें. मुलाला त्याच वाटेनें नेलें जातें. फक्त परत येण्याची वाटही दाखविली पाहिजे.

कांहीं ठिकाणीं दोन सत्यांपैकीं एकाचा त्याग केल्यावांचून गत्यंतर नसतें. सूर्यमालेचें चित्र हें त्याचें ठळक उदाहरण. सूर्य चौदा सेंटिमीटरांचा चेंडू मानला तर पृथ्वी मोहरीच्या दाण्याएवढी होते, आणि ती त्याच्यापासून पंधरा मीटरांवर ठेवावी लागते. नेपच्यून साडेचारशें मीटरांवर जातो. कोणत्या पुस्तकाच्या पानावर आणि कोणत्या पडद्यावर हें मावेल ? म्हणून चित्रकार ग्रह मोठे करतात आणि अंतरें कमी करतात. आणि मूल असें समजून मोठें होतें कीं ग्रह म्हणजे अंगणांत शेजारीं शेजारीं ठेवलेल्या गोट्या आहेत. गुरुत्वाकर्षणाच्या सिम्युलेशनमध्यें ह्यावर साधा तोडगा काढला आहे. एक पडदा सोयीच्या चित्राचा आणि दुसरा खऱ्या प्रमाणाचा. पहिल्यावर पृथ्वी सूर्याभोंवतीं कां फिरते हें कळतें. दुसऱ्यावर पृथ्वी केवळ ठिपका होते आणि अवकाश किती रिकामें आहे हें कळतें. पहिल्या चित्रांत काय बिघडविलें होतें हें दुसरें चित्र न बोलतां सांगतें.

आतां आंकड्यांचा प्रश्न. विजेच्या मंडलांत प्रत्येक भागाचा दाब आणि रोध आंकड्यांनीं लिहून दाखवितां येतो. मग तो आरंभापासूनच कां दाखवूं नये ? कारण आंकडा दिसला कीं विद्यार्थी तो वहींत उतरवून घेतो आणि दिव्याकडे पाहणें सोडून देतो. त्याला उत्तर मिळालेलें असतें, प्रश्न मात्र पडलेला नसतो. म्हणून अशा गोष्टी एका लहान चौकोनामागें ठेवतात. चौकोनावर खूण केली कीं त्या प्रकट होतात. दुसरा दिवा जोडल्यावर पहिल्याचा प्रकाश वाढेल कीं कमी होईल, ह्याचा अंदाज विद्यार्थ्यानें आधीं बांधावा, मग पाहावें आणि शेवटीं मापक लावून मोजावें. अंदाज चुकला तर फारच उत्तम. चुकलेल्या अंदाजानें जी उत्सुकता जागी होते ती बरोबर आलेल्या आंकड्यानें होत नाहीं.

पण हें सगळें ठरविलें कोणी आणि कशावरून ? केवळ तज्ज्ञांच्या बैठकींत तें ठरलें असतें तर फसगत झाली असती, कारण तज्ज्ञाला जें सहज दिसतें तें नवशिक्याला दिसत नाहीं. म्हणून कोलोरॅडो येथें एक वेगळा रिवाज पाडला. सिम्युलेशन तयार होत असतां विद्यार्थ्याला त्याच्यापुढें बसवितात, कांहीं शिकवीत नाहींत आणि "मनांत येईल तें मोठ्यानें बोलत राहा" एवढेंच सांगतात. तो कोठें हात नेतो, काय सोडून देतो, काय चुकीचें समजतो हें शेजारीं बसून टिपून घेतात. त्यांतून कांहीं गोष्टी वारंवार दिसून आल्या. जें हलतें तिकडे डोळा प्रथम जातो. म्हणून केवळ शोभेसाठीं कांहीं हलवूं नये. पडद्यावर जें जें आहे तें तें महत्त्वाचेंच आहे असें नवशिका मानतो. कोणता तपशील गौण आहे हें ओळखण्याचें ज्ञान त्याला अद्याप यावयाचें असतें. खुंट्या आणि बटणें फार झालीं तर तो गांगरतो. आणि पायरीपायरीनें हुकूम दिले तर तो हुकूम पाळतो, पण स्वतः शोधीत नाहीं. एकादा मोकळा प्रश्न दिला तर मात्र मन लावून धडपडतो.

खऱ्या प्रयोगशाळेच्या दृष्टीनेंही ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. तेथें टेबलावर ज्या तारा असतात त्यांतल्या कांहींचें वेष्टन तांबडें, कांहींचें हिरवें असतें. शिक्षकाला रंग दिसतच नाहीं. विद्यार्थी मात्र तांबड्या तारेऐवजीं हिरवी लावली तर चालेल काय, ह्या विवंचनेंत पडतो. ह्या प्रश्नाचा प्रत्यक्ष पडताळा २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत घेतलेला आहे. नोआ फिंकेलस्टाइन आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं विद्यापीठांतल्या प्राथमिक पदार्थविज्ञानाच्या वर्गांत कांहीं विद्यार्थ्यांना खऱ्या तारा व दिवे दिले आणि कांहींना केवळ वर वर्णिलेलें सिम्युलेशन दिलें. पुढें विषयाच्या समजुतीविषयीं विचारलेल्या प्रश्नांत सिम्युलेशनवाले पुढें निघाले. एवढेंच नव्हे, तर खऱ्या साहित्यानें मंडल जुळवून त्याचें स्पष्टीकरण करण्याच्या कामांतही तेच सरस ठरले. ज्यांनीं खऱ्या तारेला त्या वर्गांत हातही लावला नव्हता त्यांनीं तारांचें काम अधिक चांगलें करावें, हें प्रथम ऐकतांना नवल वाटतें. पण वेष्टनाचा रंग, सैल सांधा, गंजलेलें टोंक ह्यांत त्यांचें लक्ष विखुरलें नव्हतें आणि इलेक्ट्रॉनांचें चित्र त्यांच्या मनांत तयार होतें, हें ध्यानीं घेतलें म्हणजे नवल कमी होतें.

ह्यावरून शाळेच्या चालकांनीं प्रयोगशाळेला कुलूप लावावें असा अर्थ मात्र कोणी काढूं नये. जो सैल सांधा एका विद्यार्थ्याचें लक्ष विचलित करतो तोच सांधा शोधून काढणें हें दुसऱ्या दिवशींचें शिक्षण असतें. पडद्यावरची तार कधीं आंतून तुटलेली नसते, पडद्यावरचा दिवा कधीं उडालेला निघत नाहीं. त्या तारेचा चटका बोटाला बसत नाहीं. बॅटरीच्या दोन टोंकांना नुसती तार जोडली तर पडद्यावर ज्वाळा दिसतात, पण हात भाजत नाहीं, आणि विजेशीं बेपर्वाईनें वागण्याची संवय घातक असते हें घरांतल्या वडील माणसांना सांगावयास नको. मुख्य म्हणजे सिम्युलेशन हें मनुष्यानें लिहिलेल्या नियमांप्रमाणें चालतें. त्यांत जें घातलेलें आहे तेंच बाहेर येतें. शास्त्रज्ञाचा नियम चुकला आहे असें सांगण्याचा अधिकार एकट्या निसर्गाला आहे, आणि तो अधिकार खऱ्या टेबलावरच बजावला जातो. शास्त्र म्हणजे निसर्गाला प्रश्न विचारणें. पडदा त्या प्रश्नाची तयारी करून घेतो.

ज्या शाळांत साहित्याचें कपाट रिकामें आहे त्यांना पडद्याचा मोठा आधार वाटणें स्वाभाविक आहे, आणि तो आधार नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु जेथें दुसरें कांहींच नसतें तेथें पडद्यावरच्या निवडीची जबाबदारी अधिकच वाढते. तारेंत निळे गोळे असतात, ते मुंगीच्या चालीनें चालतात, आणि एका हातभर तारेंत ते वीस-पंचवीसच असतात, असें जर मूल मनांत धरून बसलें, तर एक चुकीची समजूत घालवितांना दुसरी आंत आली असें होईल. मनांत ठसलेलें चित्र पुसणें हें वाक्य खोडण्याइतकें सोपें नसतें. तें चित्र मोठेपणींही विचारांत डोकावत राहतें.

ह्यावर उपाय अवघड नाहीं, आणि तो संगणक करणाऱ्याच्या हातीं नसून वर्गांतल्या शिक्षकाच्या आणि घरांतल्या वडील माणसांच्या हातीं आहे. मुलाचा खेळ संपल्यावर त्याला दोन प्रश्न विचारावेत. पहिला, "ह्या चित्रानें तुला काय दाखविलें ?" आणि दुसरा, "ह्या चित्रानें काय दाखविलें नाहीं, आणि तें कां बरें वगळलें असेल ?" पहिल्या प्रश्नाचें उत्तर मूल लगेच देतें. दुसऱ्याला थोडा वेळ लागतो. ठिपके खरोखर किती असतील, ते खरोखर किती हळू जात असतील, दिव्यांत प्रकाश देणारी ऊर्जा ठिपक्यांत आहे कीं आणखी कोठें, असे नवे प्रश्न त्यांतून निघतात. आणि त्यांतल्या कांहींचीं उत्तरें घरांतल्या कोणालाही देतां येत नाहींत. त्याची लाज वाटण्याचें कारण नाहीं. दाखविलेलें पाहणें ही विद्येची पहिली पायरी आहे. न दाखविलेल्याची चौकशी करण्याची संवय ज्या मुलाला लागली तें पुढें कोणत्याही पडद्याला फसणार नाहीं. आणि संध्याकाळीं दिव्याचें बटण दाबतांना, निदान एकदां तरी, तें क्षणभर थांबून तारेकडे पाहील.